नाकातून बोलणारे वटवाघूळ

पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि दौंड तालुक्यात राहू हे गाव शोधा. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. या दोन नद्यांच्या मधल्या भागाला तिकडे राहू बेट म्हणतात. पाऊस बेताचा, पण नदीचे पाणी हाताशी असल्यामुळे जिकडे पाहावे तिकडे ऊस आणि उसामागोमाग गुऱ्हाळे.

समजा, तुम्ही या गावचे रहिवासी आहात आणि दिवेलागणीच्या वेळी अंगणात उभे आहात. अशा वेळी दोन प्रकारची वटवाघळे सहज नजरेस पडतात. एक म्हणजे मोठे वटवाघूळ. दिवसभर ती एखाद्या वडाला नाहीतर चिंचेला काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली असतात आणि अंधार पडू लागला की फळांच्या शोधात संथपणे उडत जातात. पंख पसरले म्हणजे त्यांची रुंदी एक मीटरहूनही जास्त भरते. दुसरी म्हणजे इवलीशी पाकोळी. घराच्या वळचणीतून, भिंतीच्या फटीतून ती बाहेर पडते आणि दिव्याभोवतीच्या चिलटांमागे गिरक्या घेते. तिचे वजन रुपयाच्या नाण्याच्या आसपास असते.

आता या दोघांच्या जोडीला एक तिसरे वटवाघूळ घेऊ. ते तुम्हाला अंगणातून दिसणार नाही. त्यासाठी पश्चिमेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन घाटमाथा गाठावा लागेल. हेही पाकोळीसारखेच लहान, हेही किडेच खाणारे आणि हेही अंधारात आवाजाच्या साहाय्याने वाट काढणारे. इंग्रजीत याच्या नाकावरून याला ‘घोड्याच्या नालेचे वटवाघूळ’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. आपल्याकडचे लोक सगळ्याच लहान वटवाघळांना पाकोळ्या म्हणून मोकळे होतात. तेव्हा या लेखापुरते आपण त्याला ‘नालनाके’ म्हणू.

पुढे जाण्यापूर्वी एक कोडे घालतो. मोठे वटवाघूळ, पाकोळी आणि नालनाके या तिघांपैकी कोणते दोघे एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतील? उत्तर कागदावर लिहून ठेवा. ते बरोबर की चूक हे शेवटाकडे कळेलच.

आधी नाक पाहू. नालनाक्याच्या चेहऱ्यावर, वरच्या ओठापासून कपाळापर्यंत, कातडीची एक विचित्र घडण असते. तिला नासापर्ण, म्हणजे नाकाचे पान, असे म्हणतात. तिचे तीन भाग असतात. खाली नाकपुड्यांना वेढणारी, घोड्याच्या नालेच्या आकाराची चकती, मध्ये खोगिरासारखा उभा उंचवटा आणि वर कपाळाकडे निमुळते होत गेलेले भाल्याचे पाते. या वंशाचे शास्त्रीय नाव ऱ्हायनोलोफस. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘नाकावर तुरा असलेला’ असा होतो. हा तुरा शोभेचा नाही. पाकोळी तोंड उघडून ओरडते, पण नालनाके तोंड मिटून नाकपुड्यांतून आवाज काढते. १९५० नंतरच्या काही वर्षांत जर्मन शास्त्रज्ञ मोहरेस यांनी हे दाखवून दिले, तेव्हा कुठे त्या नाकाचा अर्थ लागला.

अर्थ समजून घ्यायला थोडे गणित करावे लागेल. आपल्याकडे सह्याद्रीत मिळणाऱ्या एका नालनाक्याच्या आवाजाची कंपनसंख्या दर सेकंदाला सुमारे ८०,००० असते. माणसाच्या कानाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणजे हे वटवाघूळ तुमच्या कानाशी येऊन ओरडले तरी तुम्हाला त्याचा पत्ता लागणार नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ३४५ला ८०,०००ने भागले की एका ध्वनिलहरीची लांबी निघते सव्वाचार मिलिमीटर. नालनाक्याच्या दोन नाकपुड्यांमधले अंतर याच्या साधारण निम्मे असते. त्यामुळे दोन नाकपुड्यांतून निघालेल्या लहरी बाजूंना एकमेकींना मारक ठरतात आणि समोर एकमेकींना बळ देतात. आवाज चहूकडे न पसरता बॅटरीच्या झोतासारखा पुढे जातो आणि भोवतालची नाल व वरचे पाते त्या झोताला आणखी आकार देतात.

आवाजाची जातही पाकोळीच्या आवाजाहून निराळी आहे. पाकोळीची हाक म्हणजे वरच्या पट्टीतून खाली घसरणारा एक अगदी आखूड चिरका. नालनाके मात्र एकाच पट्टीत लांब सूर धरते. लांब म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, पण वटवाघळांच्या जगात हा आलापच म्हणायचा! सुराच्या शेवटी तेवढी एक छोटी घसरगुंडी असते.

एकच सूर धरण्यात फायदा कोणता? दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. तिथल्या फलाटावर उभे राहून न थांबणारी गाडी जाताना तुम्ही ऐकली असेल. गाडी जवळ येत असताना शिटी चढ्या सुरात वाजते आणि तुम्हाला ओलांडून पुढे गेली की सूर एकदम उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. आता गाडीच्या जागी उडणारे वटवाघूळ ठेवा. ते सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जात आहे आणि ८०,००० कंपनांचा सूर काढत आहे. समोरच्या झाडावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी त्याला चढलेला ऐकू येईल. हिशेब केला तर तो सुमारे ८२,३०० कंपनांचा भरतो.

इथे एक अडचण उभी राहते. नालनाक्याच्या अंतर्कर्णात त्याच्या स्वतःच्या सुरासाठी जणू एक राखीव जागा आहे. आपल्या डोळ्यातील पीतबिंदू जसा बारीक तपशील टिपतो, तशी ती जागा ८०,०००च्या आसपासचा अगदी लहानसा फरकही ओळखते. प्रतिध्वनी ८२,३००वर गेला की त्या जागेबाहेर पडला! मग हे वटवाघूळ काय करते? ते उडताना स्वतःचा सूरच उतरवते. वेगाच्या प्रमाणात, नेमका हवा तेवढा. आपल्या उदाहरणात ते सुमारे ७७,७०० कंपनांवर येईल, म्हणजे प्रतिध्वनी परत ८०,०००वरच येऊन पडेल. वेग वाढला की सूर आणखी उतरतो, वेग कमी झाला की पुन्हा चढतो. हे कौशल्य १९६८ साली हान्स-उलरिश श्निट्झलर या जर्मन शास्त्रज्ञाने नालनाक्यांमध्ये प्रथम दाखवले. मला विचाराल तर वटवाघळांच्या सगळ्या करामतींत ही सर्वांत थक्क करणारी आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर फडफडणाऱ्या पंखांसाठी. कल्पना करा, दाट झाडीत हजारो पाने आहेत आणि त्यांच्यामध्ये एक पतंग उडतो आहे. पाकोळीच्या आखूड हाकेला पाने आणि पतंग सारखेच प्रतिध्वनी देतील आणि सगळा गोंधळ होईल. नालनाक्याच्या लांब सुराचे तसे नाही. स्थिर पानांवरून येणारा प्रतिध्वनी सपाट राहतो. पतंगाचे पंख मात्र एकदा वटवाघळाकडे येतात, एकदा दूर जातात, त्यामुळे त्याच्या प्रतिध्वनीत सूर किंचित चढतो आणि उतरतो. शांत तळ्यावर एकाच जागी लाटा उठाव्यात तसा तो पतंग उठून दिसतो. मदुराईचे मारिमुथू आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर असे दिसले, की किडा हालचाल न करता बसला तर ही वटवाघळे त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. पंख हलले की झडप!

आता या प्राण्याचे घर कोठे असेल याचा अंदाज तुम्हीच करू शकाल. असे नाक आणि असा कान घेऊन उघड्या माळावर शिकार करण्यात विशेष लाभ नाही. शिवाय इतका उंच सूर हवेत फार लवकर विरतो. काही मीटरच्या पलीकडचा किडा त्याला कळतच नाही. उघड्या आकाशात किडे दूरदूर असतात आणि तिथे इतरांचे राज्य आहे. नालनाक्याची जागा दाट झाडीत. आपल्या या सह्याद्रीतल्या नालनाक्याची श्रीलंकेतील भावंडे रात्रभर काय करतात, हे गेरहार्ट नॉयवायलर आणि सहकाऱ्यांनी पाहिले व १९८७ साली प्रसिद्ध केले. ती दाट जंगलातच शिकार करीत होती, विरळ झाडीकडे फिरकत नव्हती. संध्याकाळी पहिला अर्धा-पाऊण तास उडून शिकार करायची आणि नंतर एखाद्या फांदीला लोंबकळत अंग गोल गोल फिरवत चारी दिशांना हाका देत राहायचे. किडा टप्प्यात आला की सूर मारायचा, पकडायचा आणि परत फांदीवर! तारेवर बसून माशा टिपणारा कोतवाल पक्षी तुम्ही पाहिला असेल, अगदी तीच तऱ्हा.

झाला रात्रीचा प्रश्न. दिवसाची जागाही तितकीच महत्त्वाची. नालनाक्याचे मागचे पाय दुबळे असतात. पाकोळीप्रमाणे भिंतीवरून सरपटत फटीत शिरणे त्याला जमत नाही. त्याला उडत येऊन थेट छताला उलटे लटकता यावे लागते. तसे लटकले की ते पंख अंगाभोवती शालीसारखे गुंडाळून घेते. म्हणजे त्याला हवे छत, मोकळी जागा, अंधार आणि दमट हवा. दमट अशासाठी, की पंखांच्या पातळ कातडीतून शरीरातील पाणी सारखे उडून जात असते. गुहा, बोगदे, जुनी भुयारे, पोकळ झाडे, वापरात नसलेल्या वास्तू अशा जागा त्याला मानवतात.

राहूच्या बाजूला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याला तो ४,०००च्या आसपास जातो. एकाच जिल्ह्यातील हा फरक! आपण ज्याच्या सुराचे गणित मांडले ते तांबूस नालनाके, शास्त्रीय नाव ऱ्हायनोलोफस रूक्सी, हे या भरपूर पावसाच्या, झाडीच्या पट्ट्यातले. महाबळेश्वर-खंडाळ्याच्या बाजूला त्याची नोंद आहे. उसाचा फड कितीही हिरवा असला तरी तो जंगल नव्हे. गुहेचे छप्परही तिथे नाही.

परंतु सगळी नालनाकी घाटमाथ्यालाच चिकटून नाहीत. ऱ्हायनोलोफस लेपिडस नावाचे एक लहान नालनाके कोरड्या मुलखातही निभावून नेते. लेणी, किल्ले, पडक्या इमारती त्याला चालतात. याला १८४४ साली नाव देणारा एडवर्ड ब्लाइथ हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता. उलट टोकाला आहे ते बेडोमचे लोकरी नालनाके. अंगाने मोठे, काळपट, दाट लोकरीसारख्या केसांचे, पश्चिम घाटातील जंगलात राहणारे. बेडोम हा मद्रास इलाख्यातील वनाधिकारी.

या तिघांना वेगळे कसे ओळखायचे? शास्त्रज्ञ आधी कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोजतात. ते लेपिडसचे सुमारे ४ सेंटिमीटर, तांबूस नालनाक्याचे ५च्या आसपास आणि बेडोमच्या नालनाक्याचे ६च्या आसपास भरते. मग नाकावरच्या खोगिराचा व पात्याचा आकार पाहतात, दात आणि कवटी पाहतात. रंगावर मात्र भरवसा ठेवत नाहीत. तांबूस नालनाके म्हणावे तर त्यातली कित्येक राखाडी-तपकिरी असतात आणि काहीच नारिंगी!

आवाजही मापाप्रमाणेच जातो, हे लक्षात आले का? सतार आणि तंबोरा आठवा. मोठे वाद्य खर्ज देते. बेडोमचे मोठे नालनाके ४०,००० कंपनांच्या आसपास, मधले ८०,०००च्या आसपास आणि सर्वांत लहान लेपिडस १,००,०००च्याही वर.

इथून पुढे गोष्ट रंगतदार होते. तांबूस नालनाक्याला १८३५ साली डच शास्त्रज्ञ टेमिंक याने नाव दिले. ‘रूक्सी’ हे नाव रू या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून. पॉलिडोर रू मार्सेय येथील संग्रहालयाचा प्रमुख होता. तो हिंदुस्थानच्या प्रवासाला आला आणि १८३३ साली मुंबईतच वारला. पुढे पावणेदोनशे वर्षे सर्वांनी हे एकच वटवाघूळ मानले. कवटी सारखी, नाक सारखे, रंग काय कसाही असतो. पण दक्षिण भारतात ध्वनिग्राहक यंत्रे घेऊन फिरणाऱ्यांना एक गोष्ट खटकत होती. काही वटवाघळे ८०,०००च्या आसपास बोलत होती आणि काही ९०,०००च्या आसपास. मधला सूर कोणाचाच नव्हता.

बोली वेगळी म्हणून माणूस वेगळा होत नाही. शिरूरचा आणि मालवणचा माणूस वेगळ्या हेलात बोलतो म्हणून काही त्यांची जात प्राणिशास्त्राच्या अर्थाने निराळी नव्हे. तेव्हा मदुराई आणि बंगळूर येथील संशोधकांनी या वटवाघळांचे आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, तपासले. दोन्ही सुरांचे गट आनुवंशिक दृष्ट्याही स्पष्टपणे वेगळे निघाले. याचा अर्थ, ते एकमेकांत मिसळत नव्हते. ९०,०००वाल्यांना २०१२ साली नवे नाव मिळाले, ऱ्हायनोलोफस इंडोरूक्सी. दीडशेहून अधिक वर्षे संग्रहालयांच्या कपाटांत बाटलीबंद नमुने ठेवून जे कळले नाही, ते जिवंत प्राण्याचा आवाज ऐकून कळले. बाटलीतले वटवाघूळ बोलत नाही ना!

असा शोध म्हणजे केवळ नावांचा खेळ असे तुम्हाला वाटेल. पण हिशेब करून पाहा. एका जातीची हजार वटवाघळे आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो आणि प्रत्यक्षात त्यांतली नऊशे एका जातीची व शंभरच दुसरीची निघतात. त्या शंभरांची एकुलती एक गुहा बुजवली गेली तर? नालनाक्याची मादी वर्षातून एकदाच विते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. वटवाघळांच्या प्रजननावर नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. गोपालकृष्ण यांनी अनेक वर्षे काम केले, त्यात हे तांबूस नालनाकेही होते. पिल्ले जन्मतात एप्रिल-मेच्या सुमारास. म्हणजे पावसाळ्यात किड्यांची सुगी होते तोवर ती उडायला शिकलेली असतात. आईच्या पोटाखाली दूध नसलेली दोन खोटी स्तनाग्रे असतात, पिल्लू ती तोंडात घट्ट धरून आईला लटकते. एप्रिल-मे म्हणजे आपल्या सुट्टीचा मोसम. गुहेत मशाली, बॅटऱ्या, आरडाओरडा झाला की माद्या बिथरतात आणि पिल्ले खाली पडतात. पडलेले पिल्लू सहसा वाचत नाही.

नावाचा घोळ २०२० साली वेगळ्याच कारणाने झाला. करोनाच्या साथीत ‘नालनाकी वटवाघळे’ जगभर बदनाम झाली. त्या विषाणूचे जवळचे नातेवाईक खरोखरच नालनाक्यांमध्ये सापडले आहेत, पण ते चीन, लाओस या भागांतील जातींमध्ये. या वंशात आज शंभराहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्या युरोप-आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. आपल्या गावच्या वळचणीतली पाकोळी तर या कुलातलीसुद्धा नाही. तरी त्या वर्षी वटवाघूळ दिसले की हाकला, असे अनेकांना वाटू लागले होते. अर्थात कुठलेच वटवाघूळ हाताने पकडू नये, हे मात्र खरे. चावले तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आता ते कोडे. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाकोळी आणि नालनाके अशी जोडी लावली असेल. पूर्वीच्या पुस्तकांचेही तेच उत्तर होते. वटवाघळांच्या गणाचे दोन मोठे विभाग करीत, मोठ्या डोळ्यांची फळे खाणारी एकीकडे आणि प्रतिध्वनीवर चालणारी लहान दुसरीकडे. २००० साली एमा टीलिंग आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली आणि ही वाटणी कोलमडली. नालनाक्याचे जवळचे नाते निघाले वडावर लटकणाऱ्या फळखाऊ मोठ्या वटवाघळाशी! पाकोळी पडली दुसऱ्याच शाखेत. या दोन शाखांना शास्त्रज्ञांनी चिनी तत्त्वज्ञानातील यिन आणि यांग या शब्दांवरून नावे दिली आहेत. मग प्रतिध्वनीचे तंत्र दोन्ही शाखांत कसे आले? एकतर सर्वांच्या मूळ पूर्वजाकडे ते होते आणि फळखाऊंनी सोडून दिले, किंवा ते दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाले. दोन्ही बाजूंनी वाद घालणारे शास्त्रज्ञ आहेत.

नाकावर पान दिसले म्हणजे नालनाकेच, असेही समजू नका. पर्णनासिक नावाच्या दुसऱ्या एका कुलातील वटवाघळांच्या नाकावरही पाने असतात. पूर्वी दोघांना एकाच कुलात घालीत. फरक पाहायचा तर पाने सोडा आणि मागच्या पायाची बोटे पाहा. पर्णनासिकाच्या प्रत्येक बोटात दोन हाडे असतात. नालनाक्याच्या अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत तीन-तीन. नाकावर मधले खोगीरही फक्त नालनाक्यालाच असते.

ध्वनिग्राहक यंत्र हाती आले तर यातले काहीच पाहावे लागत नाही. हे यंत्र वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकू येतील इतके खाली उतरवते. राहूच्या अंगणात ते सुरू केले तर पाकोळीच्या सुट्या सुट्या टकटकी ऐकू येतील, आणि किडा जवळ आला की त्या एकमेकींत मिसळून चर्रर्र असा आवाज होईल. तेच यंत्र घाटमाथ्यावर, तिन्हीसांजेला एखाद्या गुहेच्या तोंडाशी, बाहेरच उभे राहून ८०,०००वर लावा. आत झोपेतून उठणारी वटवाघळे एकामागून एक शीळ घालू लागतील.